मूठभर धान्य आणि वेळेवरची मदत



दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्यांवर बांधाबांध सुरू होते. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, वडवणी, धारूर, केज, कुठल्याही तालुक्यात जा, गावाच्या वेशीवर ट्रक नाहीतर ट्रॅक्टर येऊन उभा असतो. भांडीकुंडी, ज्वारीचे पोते, एखादी शेळी आणि कडेवरचे लेकरू घेऊन माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे हिशोबात एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून हा कोयता पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाच-सहा महिने चालत राहतो. राहायला फडाजवळ पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. गावात घर असते पण त्याला कुलूप असते, आणि जिथे माणूस असतो तिथे घर नसते.

मागे राहतात म्हातारी माणसे, आणि शाळा बुडू नये म्हणून आईबापांनी काळजावर दगड ठेवून मागे ठेवलेली मुले. या मुलांच्या पोटात संध्याकाळी काय जाते आणि त्या म्हाताऱ्यांच्या चुलीवर सकाळी काय शिजते, हा आजचा विषय. त्याला जोडून दुसराही प्रश्न आहे. या भुकेशी आणि बेघरपणाशी झगडणाऱ्या ज्या लहान लहान संस्था आणि मंडळे आहेत, त्यांना लागणारा थोडासा पैसा येतो कुठून, अडतो कुठे, आणि आपल्यासारख्या चार माणसांच्या कुटुंबाला त्यात काय करता येईल?

भीक नको, हक्क हवा. मग मदत कशाला?

आपल्या समाजात हा प्रश्न लगेच विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या शिळ्या तुकड्यांवर जगायला लावलेल्या माणसांनी बाबासाहेबांच्या सांगण्यावरून ते तुकडे नाकारले. मग आता पुन्हा कुणापुढे पदर पसरायचा का?

याचे उत्तर आपल्याच मराठवाड्याच्या इतिहासात आहे. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी खाल्लेली, सुकडीसाठी रांगेत उभी राहिलेली आणि दुष्काळी कामावर खडी फोडलेली माणसे आजही आपल्या घराघरांत आहेत. त्या मदतीने माणूस जगला, हे खरे. पण महाराष्ट्र तिथेच थांबला नाही. काम मागणाऱ्याला काम दिलेच पाहिजे, असा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली राज्याच्या विधिमंडळाने केला. पुढे २००५ साली देशाने त्याच वाटेने कायदा केला. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा आला आणि स्वस्त धान्य ही सरकारची मेहरबानी न राहता कायद्याची बाब झाली. सुकडी वाटणारे गेले, कायदा मागे राहिला.

म्हणून फरक असा करावा. हक्काच्या जागी मदत आणून ठेवली आणि हक्काची गोष्टच काढली नाही, तर ती भीक. पण हक्क हातात पडेपर्यंत माणूस उभा राहावा, शाळेतले पोर शाळेतच राहावे, रस्त्यावर आलेल्या बाईला रात्री पाठ टेकायला जागा मिळावी, यासाठी दिलेली मदत ही चळवळीचाच एक भाग असते. उपाशी माणूस तहसील कचेरीत चार वेळा खेटे घालू शकत नाही. आधी त्याच्या पोटाचे पाहावे लागते.

बाबासाहेबांनीही हेच केले. २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला सभेचे वसतिगृह सुरू झाले. हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या जेवणाचा, कपड्यांचा, वह्या-पुस्तकांचा भार सभेने उचलला. या वसतिगृहाला सोलापूर नगरपालिकेने अनुदान दिले. ते नगरपालिकेच्या तिजोरीतून, म्हणजे लोकांच्या करातून, अस्पृश्यांच्या मुलांसाठी आले होते. अनुदानाचा अर्थ असा असतो. किती आले याबरोबरच कुठून आले, कशासाठी आले आणि वेळेवर आले का, हेही पाहायचे असते.

त्याच सुमारास, १९२४ साली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. तिथल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्यागावर संस्था कायम चालत नाही, हे कर्मवीर जाणून होते. म्हणून त्यांनी 'मुष्टिफंड' काढला. घरोघरच्या बायकांनी दळण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते वसतिगृहाला पोचवायचे. एका बाईचे मंगळसूत्र एकदाच मोडता येते. शंभर बायकांची मूठ मात्र रोज भरते.

हिशोब मांडून पाहू

आपण नुसते बोलत न राहता आकडे मांडू. समजा, एका गावात ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची २५ मुले मागे राहिली आहेत. शाळेच्या दिवशी दुपारचे जेवण शाळेत मिळते. देशभर ही योजना १९९५ साली सुरू झाली. उरते सकाळ आणि संध्याकाळ, आणि सुटीचे दिवस. दर मुलामागे रोज ३०० ग्रॅम धान्य धरले, तर २५ मुलांना दिवसाला साडेसात किलो लागेल. हंगामाचे १५० दिवस धरले, तर ११२५ किलो, म्हणजे सव्वाअकरा क्विंटल.

आता दुसरी बाजू. मूठभर ज्वारी म्हणजे साधारण ५० ग्रॅम. गावातल्या आणि जवळच्या वस्तीवरच्या शंभर घरांनी रोज एक मूठ बाजूला काढली, तर दिवसाला पाच किलो आणि १५० दिवसांत ७५० किलो होते. म्हणजे लागणाऱ्या धान्याचा दोन तृतीयांश भाग नुसत्या मुठीमुठीने निघाला! कुणापुढे हात पसरला नाही, कुणाचा फोटो लावला नाही.

मग पैशाची गरज कुठे पडते? पन्नास ग्रॅमप्रमाणे डाळ धरली, तर ती हंगामाला जवळजवळ दोन क्विंटल लागते. ती विकत घ्यावी लागते. तेल, मीठ-मिरची, गॅसच्या टाक्या लागतात. रोज सकाळ-संध्याकाळ पंचवीस पोरांच्या भाकरी थापणाऱ्या बाईला पगार द्यावा लागतो, कारण तिच्याही घरी चूल आहे. थंडीत पांघरायला लागते. कुणाला ताप आला तर औषध लागते. ही खर्चाची बाब हजारांतली आहे, कोटींतली नाही. पण हे हजार कार्तिकात हातात नसतील तर माघात येऊन उपयोग नाही. तोवर पोर कोपीवर पोचलेले असते, धाकट्या भावंडाला सांभाळत असते आणि शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत असतात.

याच कामासाठी सरकारी शिक्षण योजनेतून 'हंगामी वसतिगृहे' चालवली जातात. गावातली शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते, बऱ्याच गावांत मुले जेवतात तिथे आणि झोपतात आजी-आजोबांकडे. कल्पना चांगली आहे. पण मंजुरी उशिरा आणि पैसा त्याहून उशिरा, ही तक्रार जिल्ह्यात जुनी आहे. हजेरीपटावरची मुले आणि ताटावरची मुले जुळत नाहीत, ही दुसरी तक्रार. दोन्हींवर उपाय एकच. गावाने लक्ष ठेवायचे, आणि सरकारी पैसा येईपर्यंतचे पहिले दोन महिने गावाने किंवा गावातल्या संस्थेने पेलायचे. लहान अनुदान खऱ्या अर्थाने कामी येते ते इथे.

२०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, प्रत्येक तालुक्यात मुलांचे एक आणि मुलींचे एक. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून दर टन उसामागे १० रुपये घ्यायचे ठरले. ही हक्काची वाट आहे आणि ती रुंद झालीच पाहिजे. पण तालुक्याच्या गावातली शंभर खाटा आणि वाडीवरची पंचवीस पोरे यांत अंतर उरतेच. ते अंतर गावातल्या चुलीनेच भरून निघते.

जिल्ह्यातली माणसे

बीड जिल्हा म्हटले की वर्तमानपत्रांत नको त्या बातम्या येतात. पण याच मातीत परक्याच्या लेकरासाठी आयुष्य लावलेली माणसेही आहेत. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी २००० साली 'शांतिवन' उभे केले. ऊसतोड कामगारांची मुले, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुले तिथे राहून शिकतात. गेवराईला संतोष गर्जे या ऊसतोड कामगाराच्या मुलाने २००४ साली अनाथ मुलांसाठी निवारा सुरू केला. पुढे तो 'बालग्राम' म्हणून ओळखला गेला. सुरुवात पत्र्याच्या शेडमध्ये झाली, आणि धान्य-पैसा गावोगाव फिरून गोळा केला. बीडजवळ पाली येथे दत्ता आणि संध्या बारगजे यांनी 'इन्फंट इंडिया' या संस्थेत एच.आय.व्ही. बाधित मुलांना घर दिले. नातेवाइकांनीही जवळ केले नाही अशी ती मुले.

अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली 'मानवलोक' ही संस्था सुरू केली. त्यांच्या पत्नी शैलाताई लोहिया यांनी 'मनस्विनी'च्या कामातून टाकलेल्या, छळलेल्या स्त्रियांना आधार दिला, निवारा दिला. ज्या गावांत तरुण माणसे पोटासाठी बाहेर जातात, तिथल्या निराधार वृद्धांसाठी गावातच स्वयंपाक करून डबा पोचवण्याची पद्धतही 'मानवलोक'ने या भागात राबवली. म्हाताऱ्या माणसाला त्याच्या उंबऱ्यातून उठवून कुठल्या आश्रमात न्यायचे नाही. गावातल्याच एखाद्या गरजू बाईने रांधायचे आणि डबा द्यायचा. म्हणजे एका खर्चात दोन घरे जगतात.

आणि एक नाव आपण विसरूच शकत नाही. मांग समाजातल्या पोतराजाच्या घरात जन्मलेले ॲड. एकनाथ आवाड (१९५६–२०१५). तेलगाव येथून त्यांनी मानवी हक्क अभियान चालवले आणि मराठवाड्यातल्या भूमिहीनांना गायरानावर उभे केले. २००६ साली त्यांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यांच्या कामाची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. बाहेरून आलेल्या मदतीचे त्यांनी धान्यवाटप मांडले नाही. ती मदत कार्यकर्ते उभे करायला, शिबिरे घ्यायला, कोर्टकचेरीला वापरली. आणि बायकांची बचत एकत्र करून सावित्रीबाई फुले यांच्या नावाने पतव्यवस्था उभी केली, म्हणजे सावकाराच्या दारात जाणे टळले. एकदा दिलेले धान्य महिनाभर पुरते. कसलेली जमीन दोन पिढ्यांना पुरते.

पैसा अडतो कुठे?

आता कुणी म्हणेल, देशात एवढ्या मोठ्या कंपन्या आहेत, एवढे कायदे आहेत, मग वाडीवरच्या संस्थेला चार पैसे का मिळत नाहीत? कारणे समजून घ्या, कारण ती आपल्या कार्यकर्त्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतात.

पहिली गोष्ट कंपन्यांची. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. पण त्याच कायद्यात कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही म्हटले आहे. मोठ्या कंपन्या मुंबई, ठाणे, पुण्याच्या बाजूला. बीडच्या आसपास कंपन्या किती? आणि आपली माणसे ज्यांच्यासाठी ऊस तोडतात ते पुष्कळसे कारखाने सहकारी आहेत. ते सहकार कायद्याखाली येतात, म्हणून कंपन्यांचा दोन टक्क्यांचा नियम त्यांना लागूच नाही! शिवाय १ एप्रिल २०२१ पासून असा पैसा घेणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारकडे वेगळी नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी प्राप्तिकर खात्याच्या नोंदण्या आधी हव्यात. वाडीवरच्या मंडळाकडे हे कागद नसतात.

दुसरी गोष्ट परदेशी मदतीची. पूर्वी एखादी मोठी संस्था परदेशातून देणगी घेई आणि त्यातून खेड्यातल्या लहान संस्थांना थोडी थोडी रक्कम देई. लहान संस्थेला दिल्लीचे दार ठोठवावे लागत नसे. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि असा पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले. कार्यालयीन खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. पैशाचा गैरवापर थांबवावा हे सरकारचे म्हणणे. पण करोनाच्या त्याच वर्षी माणसे उपाशी घराकडे चालत निघाली होती, आणि नेमका त्याच वेळी लहान संस्थांकडे येणारा हा झरा आटला.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. कागदावरच्या संस्था. नोंदणी आहे, लेटरहेड आहे, शिक्का आहे, पण जेवणारे पोर एक नाही. अशा संस्थांनी खऱ्या संस्थांची पत घालवली. देणारा माणूस एकदा फसला की दुसऱ्यांदा खिशात हात घालत नाही. म्हणून हिशोब चोख ठेवणे ही नुसती कायद्याची गरज नाही, ती पुढच्या वर्षीच्या भाकरीची तजवीज आहे.

डोक्यावर छप्पर

भुकेइतकाच निवाऱ्याचा प्रश्न कठीण. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर माणसे बेघर म्हणून मोजली गेली. सहा महिने कोपीत राहणारा ऊसतोड कामगार गावात कुलूपबंद घर आहे म्हणून या मोजणीत बेघर ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा.

अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. पण घरकुल बांधायला स्वतःची जागा लागते, आणि ज्याच्याकडे जागाच नाही त्याची यादीतले नाव पाहण्यातच वर्षे जातात. जागा विकत घेण्यासाठी अर्थसाहाय्य देणारी वेगळी योजना २०१५ सालानंतर राज्यात आली. ती पुष्कळांना माहीतही नसते. पुष्कळ कुटुंबे गायरानावर राहतात. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तारीख पाहिलीत ना? बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची सुरुवात ज्या दिवशी झाली, तो दिवस. पुढे जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. पण भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनी अशा अपवादाच्या बाबींना त्यात जागा ठेवली. २०२२ साली उच्च न्यायालयाने पुन्हा हा विषय हाती घेतला आणि गायरानावरच्या घराघरांत नोटिशीची धास्ती पसरली.

अशा वेळी त्या कुटुंबाला काय लागते? गाव नमुना एक-ई मधली अतिक्रमणाची नोंद, जुन्या दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे उतारे, जातीचा दाखला. हे सारे गोळा करायला तालुक्याला चार-पाच फेऱ्या, झेरॉक्स, अर्ज लिहून देणारा जाणता माणूस आणि वेळ पडली तर वकील. एक घर उठण्यापासून वाचवायला लागणारा खर्च घर बांधण्याच्या खर्चाच्या पासंगालाही पुरत नाही. पण मजुरी बुडवून फेऱ्या मारणाऱ्या माणसाला तोच डोंगराएवढा वाटतो. असा फिरता खर्च देणारे लहान अनुदान ताडपत्री वाटण्यापेक्षा शंभर पटीने मोलाचे आहे.

आपण काय करावे?

उपदेश पुरे, आता कामाचे बोलू.

पहिले, ग्रामपंचायतीत जा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी राखायचे असतात. हा पैसा गेला कुठे, हे ग्रामसभेत विचारा. हंगामाआधीच्या ग्रामसभेत मागे राहणाऱ्या मुलांची आणि वृद्धांची यादी वाचून दाखवा आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. याला देणगी म्हणत नाहीत. हा आपलाच पैसा आहे.

दुसरे, रेशन. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला आता आपले धान्य दुसऱ्या गावातल्या दुकानातही उचलता येते. पण घरातली काही माणसे फडावर आणि काही गावात असतील, तर धान्य आधी वाटून कसे घ्यायचे हे दुकानदाराला विचारून ठेवा. कार्ड मुकादमाच्या पेटीत ठेवू नका. आजीजवळ ठेवा.

तिसरे, विहार समिती आणि महिला मंडळ. विहारात एक कोठी ठेवा. दर पौर्णिमेला घरोघरची मूठ तिथे जमा करा. बाबासाहेबांनी नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्या, असे सांगितले होते. सगळ्यांना ते जमणार नाही. पण जयंतीच्या वर्गणीतला विसावा भाग तरी या कोठीसाठी बाजूला काढणे जमणार नाही का? डीजेचा एक तास कमी केला तर पंचवीस पोरांची कितीतरी दिवसांची डाळ निघते.

चौथे, वह्या तीन ठेवा. एक जेवणाऱ्यांची रोजची हजेरी, एक धान्याची आवक-जावक, एक रोख पैशाची. प्रत्येक पावती चिकटवा. महिन्याअखेर विहारात सगळ्यांसमोर वाचा. संस्था नोंदवलेली असेल तर धर्मादाय कार्यालयाकडे दरसालचा हिशोब वेळेवर पाठवा. नोंदवलेली नसेल तर घाईने नवी संस्था काढू नका. जवळच्या विश्वासाच्या नोंदणीकृत संस्थेबरोबर काम करा. जिल्ह्यात संस्थांना तोटा नाही, तोटा आहे तो माणसांना.

पाचवे, मदत मागताना अर्ज छोटा आणि खरा लिहा. गाव कोणते, मुले किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, धान्य गाव किती देणार, बाकी काय लागते, स्वयंपाक कोण करणार, हिशोब कोण ठेवणार. एवढे एका पानात बसते. 'समाजोन्नतीचे व्यापक ध्येय' वगैरे लिहिण्याची गरज नाही. शंभर घरांनी ७५० किलो धान्य जमवले आहे, उरलेल्यासाठी आपली मदत हवी, असे वाचले की देणाऱ्याला हे गाव स्वतःच्या पायावर उभे आहे हे कळते.

शहरात नोकरीला असलेल्या आपल्या बंधुभगिनींना दोन शब्द. गावाला मदत पाठवता तेव्हा ती दसऱ्याआधी पाठवा, उन्हाळ्यात नको. एकाच वर्षी मोठी रक्कम देण्यापेक्षा तीन वर्षे थोडी थोडी द्या, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईला पुढच्या हंगामाचा भरवसा राहील. ताटे-वाट्या आणि कोनशिलेला सगळेच देतात. तिच्या पगाराला आणि गॅसच्या टाकीला द्या. आणि एक विनंती. जेवणाऱ्या मुलाच्या हातात ताट देतानाचा फोटो काढू नका. ते पोर उद्या कलेक्टर होईल नाहीतर मास्तर होईल. त्याच्या उपाशीपणाचा पुरावा कुणाच्या बैठकीच्या खोलीत टांगलेला असू नये.

ऊसतोडीचा हंगाम जवळजवळ धम्मचक्र प्रवर्तन दिनापासून भीमजयंतीच्या आगेमागेपर्यंत असतो. आपले दोन सण आणि मधले पाच-सहा महिने. या दोन सणांच्या मध्ये आपल्या गावात एकही लेकरू उपाशी झोपणार नाही आणि एकही म्हातारी चुलीपुढे नुसती बसून राहणार नाही, एवढा निश्चय एका विहाराने केला तरी पुष्कळ झाले. यंदा दसऱ्याआधी मंडळाची बैठक घ्या, यादी करा आणि कोठीला कुलूप घालण्याआधी पहिली मूठ आपल्या घरची टाका.

जयभीम.